मदत हवी आहे: सँतियागोची पदयात्रा, पण प्रार्थना हरवायला नको

नमस्कार मंडळी. पुढच्या मे महिन्यात स्पेनमधल्या सँतियागोला, संत याकोबाच्या कबरीपर्यंत चालत जायचं ठरवलंय. फ्रान्सच्या सीमेवरच्या सेंट-जाँ-पिए-द-पोर्टपासून साधारण ७८० किलोमीटर. बूट, पाठपिशवी, पावसाळी कोट याबद्दल भरपूर वाचून झालंय. त्यावर सल्ला नको. (मोज्यांवर तर लोक अक्षरशः भांडतात!)

माझी अडचण वेगळी आहे. सरावाला रोज पंधरा किलोमीटर चालते. पहिला तास जपमाळ छान होते. मग टाचेला फोड येतो आणि 'नमो मरिये' ही मरियामातेची प्रार्थना म्हणता म्हणता मी पावलंच मोजत बसते. दोन्ही हातांत काठ्या, मणी धरायचे कसे? बोटातली दहा मण्यांची अंगठी कुणी वापरली आहे का?

दुसरं, बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतली १२० ते १३४ ही यात्रेकरूंची पंधरा स्तोत्रं दिवसाला एक अशी घ्यावी म्हणते. की बोलणं सोडून नुसतं गप्प चालावं?

आणि क्रूझ दे फेरोपाशी, त्या उंच खांबावरच्या लोखंडी क्रुसाच्या पायथ्याशी, घरून आणलेला दगड ठेवतात. तिथे तुम्ही काय केलंत, निदान किती वेळ थांबलात?

शेवटच्या १०० किलोमीटरमध्ये यात्रेकरूच्या पासपोर्टवर (वाटेतले शिक्के घ्यायच्या पुस्तिकेवर) रोज दोन शिक्के लागतात, ते ठाऊक आहे. पण वाटेतल्या सारिया गावापासून पुढे गर्दी वाढते म्हणतात. त्या गोंगाटात मन कसं जाग्यावर ठेवलंत? चालून आलेल्यांनी जरूर लिहा, फसलेले प्रयोगसुद्धा.