तेरेखोलचा डोंगर : तुमचे अनुभव लिहा

गोव्याची उत्तर सीमा म्हणजे तेरेखोल नदी, असं आपण शाळेत शिकलो. पण नदी समुद्राला मिळते तिथे उत्तरेच्या, म्हणजे सिंधुदुर्गाच्या काठावर एक डोंगर आहे. त्यावरचा किल्ला आणि तेरेखोल गाव मात्र गोव्याच्या पेडणे तालुक्यात. सतराव्या शतकात सावंतवाडीच्या खेमसावंतांनी किल्ला बांधला, १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी तो घेतला. सावंतांचं राज्य गेलं, पोर्तुगीज गेले, सीमा तिथेच राहिली. गेल्या महिन्यात जाऊन आले आणि तेव्हापासून तोच विषय डोक्यात आहे. तिथे वाढलेल्यांनी जरूर लिहा.

रेडीची माहेरवाशीण :
आमच्या घरून तेरेखोलला पायी जायचो. पाण्यात पाय न घालता गोवा! आजी पडवीतून ओरडायची, "गोव्याक जातंस, बेगीन ये गो!" वाटेत काजूची झाडं. वळण संपलं की एकदम समोर समुद्र, आणि पलीकडे केरीची पांढरी वाळू. सीमा कुठे लागली ते मला कधीच कळलं नाही.

तेरेखोलची सून :
कळते हो, कागद करायचे असले की कळते. आमची कचेरी पेडण्याला, नदीपलीकडे. तिकडे जायला केरीची फेरी. एकदा सासऱ्यांना रात्री दम लागला. त्या वेळी फेरी कुठली मिळायला! आरोंद्याकडून वळसा घालून गेलो. अख्खा रस्ता मी त्यांच्या छातीवर हात ठेवून बसले होते. ते वाचले, पण नुसता दहा मिनिटांचा पलीकडचा काठ त्या रात्री किती लांब होता, ते अजून अंगावर येतं.

शिरोड्याचा एक :
माझे पणजोबा १९३० च्या शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहात होते, त्यामुळे घरात सत्याग्रहाच्या गोष्टी चालायच्याच. आजोबा तेरेखोलचं सांगताना उठून उभे राहायचे. १५ ऑगस्ट १९५४ ला गोव्यातले सत्याग्रही किल्ल्यात शिरले आणि त्यांनी तिरंगा लावला. एक दिवस टिकला, मग सगळ्यांना पकडून तुरुंगात टाकलं. गोवा सुटायला १९ डिसेंबर १९६१ उजाडला. किल्ल्यावर गेलात तर नुसते फोटो काढून परतू नका, त्या माणसांची आठवण काढा.

भटक्या :
तटाला हात लावून बघा. जांभा आहे, भोकाभोकांचा, पावसाळ्यात शेवाळ धरणारा. डोंगरही त्याच दगडाचा. आतलं अंगण अगदी चिंचोळं, आणि त्यात सेंट अँथनीचं पांढरं चर्च. बुरुजावरून मात्र खाडीचं तोंड पुरतं ताब्यात येतं. एक तोफ ठेवली की आत येणारं गलबत अडवता येईल. सावंतांनी जागा काय नेमकी हेरली होती!

तेरेखोलची सून :
भटक्या, संध्याकाळी भरतीच्या वेळी बुरुजावर जा. पाणी आत शिरताना नदी उलटी वाहते. आमची पोरं रोज तेच बघत बसतात.