‘फिरायला आवडतं का?’ हा प्रश्न तुम्हाला कोणी, कधी आणि कशासाठी विचारला?

कांदेपोहे असोत, ॲपवरची ओळख असो की मैत्रिणीने जुळवून दिलेली कॉफी, चौथ्या-पाचव्या मिनिटाला हा प्रश्न येतोच. आधी नोकरी, मग ‘येताना ट्रॅफिक लागलं का?’ आणि मग हा. चार वर्षांत मी तो १४ जणांकडून ऐकला आणि जवळजवळ तितक्यांनाच विचारला. सगळ्यांचं उत्तर ‘हो, खूप!’ नाही म्हणणारा मला अजून भेटायचाय.

माझ्या लक्षात राहिलेला प्रसंग पुण्यातला. मी सांगितलं, दोन वर्षांपूर्वी हिमाचलात स्पितीला गेले होते.

“कोणाबरोबर?”

“ग्रुप होता.”

“मुलींचा?”

“मिक्स.”

त्याने साखरेची पुडी फाडली, अर्धी कपात ओतली आणि उरलेल्या पुडीचं तोंड तीनदा दुमडून ती बशीच्या कडेला ठेवली. “राहायचं कसं असतं मग तिकडे?” मला वाटलं, याला खरंच जायचंय. काझा साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, घराघरांत राहायची सोय असते, रात्री जॅकेट अंगात ठेवूनच रजईत शिरावं लागतं, असं सगळं मी उत्साहाने सांगत सुटले. थंडीत त्याला रस नव्हता. चंद्रताल तलाव, ‘की’ नावाचा बौद्ध मठ, रस्ता, खर्च, यातलं काहीही त्याने विचारलं नाही. खोल्या किती होत्या ते मात्र विचारलं.

या धाग्याखाली प्रतिसादात तुमचे अनुभव लिहा. प्रश्न नेमका कसा आला आणि त्याच्या मागून काय निघालं? समोरच्याची ओळख पटेल असं काही नको. ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ म्हणणाऱ्यांचंही स्वागत, पण मग कसं होतं तेही सांगा.

मागची सीट

मला गाडी लागते. लहानपणापासून. खिडकी, आवळासुपारी, हातात लिंबू आणि एसटीत चाकावरची सीट नको, या चार अटींवर मी मोठा झालो. हे पहिल्या भेटीत कोण सांगतं? तिने विचारलं, “रोड ट्रिप आवडतात?” मी म्हणालो, “प्रचंड.”

महिन्याभराने तिच्या मित्रमैत्रिणींबरोबर कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालो. गाडी ती चालवत होती, मी मागे दोघांच्या मध्ये. मलकापूर गेल्यावर मी बोलणं बंद केलं. आंबा घाट सुरू झाल्यावर हसणं बंद केलं. कोणीतरी चिवड्याचं पाकीट उघडलं आणि तो मसाल्याचा वास आला तेव्हा मी फक्त समोरच्या सीटवर हात आपटू शकलो. पुढचं लिहीत नाही. साखरप्याला टपरीवर सोडा पिताना ती म्हणाली, “सांगायचं ना, वेड्या.”

मग मी विचारलं, की तो प्रश्न पहिल्याच भेटीत कशाला? तर आधीच्या एका स्थळाने तिला सांगितलं होतं, बायको गाडी चालवणार आणि मी शेजारी बसणार हे आमच्या घरात दिसायला बरं दिसणार नाही. तिला रोड ट्रिपचं पडलं नव्हतं, स्टिअरिंगचं पडलं होतं. आता मी कायम पुढे, तिच्या शेजारी. पुढे बसलं की मला कमी लागते. लिंबू अजून असतो.

अवांतर वाचक

एवढा अर्थ काढत बसलात तर लग्नं व्हायची नाहीत. मला फिरायला आवडतं म्हणून मी विचारतो. बास.

*(धागाकर्ती: दादा, खोल्या नाही ना विचारत?)*

डेकवरून

मर्चंट नेव्हीत आहे, मूळ रत्नागिरीचा. मला कोणी ‘फिरायला आवडतं का’ विचारत नाही, सरळ ‘किती देश बघितलेस?’ आता काय सांगू. कंटेनरचं जहाज बंदराला लागतं ते कधीकधी दिवसभरसुद्धा नाही. तेवढ्यात कार्गो, तपासण्या, आणि वॉच, म्हणजे जहाजावरची पाळी, संपला की झोप. सिंगापूर मी कितीतरी वेळा बघितलंय, बरंचसं नांगर टाकलेल्या जहाजावरून, रात्री, लांब दिव्यांची माळ. तरी मी ‘३१’ म्हणायचो, कारण आकडा ऐकला की मुली खूश व्हायच्या. मग पुढच्या वाक्यात सावध व्हायच्या: एका वेळी किती महिने?

एका ठिकाणी मुलीच्या वडिलांनी विचारलं, “वर्षातले नेमके किती दिवस भारतात असता?” मला वाटलं, बापाचं काळीज, मुलगी एकटी पडेल म्हणून विचारतायत. मी म्हणालो, काका, काळजी करू नका, मी सुट्टी वाढवून घेईन. ते दचकले. “छे छे, वाढवू नका!” ते सीए निघाले. वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिलं की आम्ही आयकराला अनिवासी ठरतो, हे त्यांच्या डोक्यात होतं.

ज्या मुलीशी शेवटी लग्न झालं तिने देश विचारलेच नाहीत. तिने विचारलं, घरी आल्यावर पहिले आठ दिवस काय करतोस? मी खरं सांगितलं: झोपतो, आणि मध्येच उठून जहाज हलत का नाही म्हणून घाबरतो.

पासपोर्टवाली

माझं थोडक्यात. “पासपोर्ट आहे का?” असं त्याने पहिल्याच फोनवर विचारलं. मी घरात नाचले, मैत्रिणींनी बाली की व्हिएतनाम यावर मतं दिली. त्याला ऑनसाइट, म्हणजे कंपनीकडून परदेशातलं काम, मिळत होतं आणि बायकोच्या व्हिसाचे कागद सोबतच लावायचे होते. माझा पासपोर्ट तयार होता, दुसरीचा नव्हता. स्थळ चांगलं होतं, मीच नाही म्हटलं. माझ्या आधी माझा पासपोर्ट पसंत पडला हे काही केल्या डोक्यातून जाईना.

गिरगावकरीण

आमच्या वेळी कसं होतं ते सांगते. १९८६. मुलगा डोंबिवलीचा, मी गिरगावातली, नोकरी फोर्टात, पायी ऑफिसला जाणारी. बघायला आले तेव्हा सासूबाईंनी विचारलं, “प्रवासाची सवय आहे का गं?” मी सांगितलं, हो, शाळेची सहल वेरूळला गेली होती, आणि दरवर्षी मे महिन्यात आम्ही कोकणात जातो. सगळे हसले. मला कळेना काय चुकलं.

त्यांचा प्रवास म्हणजे लोकल. डोंबिवली ते व्हीटी, तास-सव्वा तास, सकाळची फास्ट, बायकांच्या डब्यात दाराशी. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात माझी एक चप्पल ठाण्याला खाली पडली. ऑफिसात दिवसभर टेबलाखाली पाय लपवून बसले आणि घरी येताना नवीन घेतली. सासूबाईंनी चपलेकडे बघितलं आणि काही न बोलता माझ्यासाठी चहा टाकला. त्याही १५ वर्षं त्याच गाडीने गेल्या होत्या हे मला तेव्हा समजलं. त्यामुळे आता मुलं ‘माउंटन की बीच?’ विचारतात तेव्हा मला मौज वाटते. मधुचंद्राला माथेरानला गेलो होतो, विचारत असाल तर. दोन रात्री.

निळा-काळा

न्यू जर्सी. ॲपवर ओळख झाली. ती इथेच जन्मलेली, आईवडील मराठी. तिचा पहिला प्रश्न, शेवटचा प्रवास कुठे केलास? म्हणालो, मेन राज्यात, ॲकेडिया नॅशनल पार्क. त्याआधी? स्मोकी माउंटन्स. “देशाबाहेर?” चार वर्षांत नाही. तिचा चेहरा थोडा पडला. नंतर तिनेच सांगितलं, तिला वाटलं होतं हा एकतर कंजूष आहे नाहीतर कुतूहल नसलेला.

मी नॅपकिनवर काढून दाखवलं. एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर, इथे राहायचे माझे कागद वैध आहेत, पण पासपोर्टवरचा व्हिसा संपलाय. एकदा बाहेर पडलो की परत शिरायला नवीन लागणार, त्यासाठी वकिलातीची तारीख लागणार, आणि ती लवकर मिळाली नाही तर नोकरी इथे आणि मी तिथे. तिच्या लेखी व्हिसा म्हणजे क्रेडिट कार्ड. ऐकून घेतलं तिने सगळं. मग विचारलं, “मग घरी कोणाचं काही झालं तर?” मी सांगितलं, आजी गेली तेव्हा फोन तुळशीवृंदावनाला टेकवून ठेवला होता भावाने, मला अंगण आणि लोकांचे पाय दिसत होते.

सात महिने टिकलं आमचं. तुटलं ते या कारणाने नाही, पण तिने हा प्रश्न कोणालाही पहिल्या भेटीत विचारायचं सोडलं, असं नंतर म्हणाली.

*(धागाकर्ती: हे वाचून जरा थांबले. मीही कोणाकोणाला ‘बाहेर कुठे गेलायस?’ विचारून मनात गुण दिलेत. एकाने ‘शिर्डी’ सांगितल्यावर मी हसले होते. त्याच्या वडिलांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असायचं, हे मध्यस्थ काकूंकडून कळलं, तोवर उशीर झाला होता.)*

खालची बर्थ

मी ५८ वर्षांची, ते ६३. दोघांचंही दुसरं लग्न. मुलांनीच भेट ठरवली. मुलं मुद्दाम दुसऱ्या टेबलावर बसली होती आणि आमच्याकडे बघत नसल्याचं नाटक करत होती.

यांनी विचारलं, “रेल्वेत तुम्हाला खालची बर्थ लागते का?” मी म्हटलं, हा कसला प्रश्न? तरी खरं ते सांगितलं, की हो, मधल्या बर्थवर आता चढवत नाही. त्यांना एकदम हायसं वाटलेलं दिसलं. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि हे आधी कोणी सांगायचं हा पेच होता. मग मी माझी बीपीची गोळी सांगितली, त्यांनी त्यांची शुगर. अर्ध्या तासात दोघांच्या औषधांच्या वेळा जुळवून झाल्या. वर त्यांनी माहितीही पुरवली, की ४५ पुढच्या बाईला आणि ६० पुढच्या पुरुषाला खालच्या बर्थचा कोटा असतो, दोघंच असलो तर एकाच तिकिटावर काढता येतं. मुलीला वाटलं आम्ही तिकडे प्रेमाचं बोलतोय.

लग्नानंतर पहिला प्रवास हैदराबादचा. समोरासमोर दोन खालच्या बर्थ मिळाल्या. सोलापूर गेल्यावर दिवे बंद झाले, ते पाच मिनिटांत झोपले आणि जे घोरायला लागले ते थेट पहाटेपर्यंत. वरच्या बर्थवरचा मुलगा दोनदा खाली वाकून माझ्याकडे बघून गेला. बर्थचं एवढं सविस्तर विचारणाऱ्या माणसाने हे तेवढं सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं म्हणा.