नाट्यसंस्थेचे इन्स्टाग्राम खाते फसव्या लिंकपासून कसे जपावे?

झावळी: आमच्या हौशी नाट्यसंस्थेचे इन्स्टाग्राम खाते आम्ही पाच जण चालवतो आणि पाचही जणांकडे एकच पासवर्ड आहे. गेल्या आठवड्यात ऐन तालमीत, ‘तुमच्या रीलमध्ये कॉपीराइटचा भंग झाला आहे, २४ तासांत हरकत न नोंदवल्यास खाते बंद होईल’ असा डीएम आला. एकाने घाईघाईने लिंक उघडून पासवर्ड भरला. पुढच्या पानावर सहा अंकी कोड मागितला. तो माझ्या मोबाइलवर येत असल्यामुळे त्याने मला विचारले, आणि केवळ म्हणून आम्ही बचावलो. नंतर पत्ता निरखून पाहिला, तर ‘instagram’ या शब्दातल्या शेवटच्या ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ ही अक्षरे एकमेकांना खेटून बसवलेली होती. पासवर्ड लगेच बदलला आहे. आणखी काय करावे?

उंबरठा: अनोळखी उपकरणांवरून लॉग आउट केले का, ते आधी पाहावे. कोडवर मात्र फार विसंबू नये. बनावट पान तुम्ही भरलेला कोड त्याच क्षणी खऱ्या साइटवर वापरू शकते. त्यामुळे तो एसएमएसने येवो वा फोनवरच कोड बनवणाऱ्या ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधून, आपल्याच हाताने चोराला किल्ली दिल्यासारखे होते. पासकी (फोन वा संगणकात साठवलेली, पासवर्डऐवजी चालणारी डिजिटल किल्ली) किंवा यूएसबी सिक्युरिटी की (तेच काम करणारी, संगणकाला जोडायची छोटी वस्तू) यांचे तसे नाही. ज्या पत्त्यासाठी ती नोंदवलेली असते, त्याच पत्त्यावर ती चालते. ‘आर-एन’ची चलाखी आपल्या डोळ्यांना फसवते, तिला नाही. गूगलने २०१७ च्या सुरुवातीला ८५ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना अशी की सक्तीची केली आणि तेव्हापासून कामाचे एकही खाते फिशिंगने, म्हणजे अशा फसव्या लिंकने, गेले नाही, असे २०१८ मध्ये सांगितले. तुम्ही निदान संस्थेच्या जीमेलला पासकी लावावी, कारण पासवर्ड बदलण्याची वाट तिथूनच जाते. इन्स्टाग्रामचा पासवर्ड पासवर्ड मॅनेजरमध्ये, म्हणजे पासवर्ड साठवून खऱ्या साइटवर आपोआप भरणाऱ्या साधनात, ठेवावा. तो आपणहून भरला गेला नाही, तर पत्त्यातच काहीतरी खोट आहे असे समजून थांबावे. तिथे हाताने टाइप करण्याचा मोह नडतो.

पायवाट: खात्याविषयीच्या नोटिसा इन्स्टाग्राम डीएमने पाठवत नाही. ईमेल आला आणि शंका वाटली, तर अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये पासवर्ड व सुरक्षेच्या विभागात त्यांनी खरोखर पाठवलेल्या अलीकडच्या ईमेलची यादी असते. तीत तो नसेल, तर बनावट समजावा.

झावळी: दोघांचेही आभार. पण पाच जणांचे काय?

उंबरठा: खाते प्रोफेशनल करून मेटा बिझनेस सूट या इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीच्या साधनातून प्रत्येकाला आपापल्या लॉगिनने प्रवेश देता येतो, म्हणजे पासवर्ड वाटावा लागत नाही. बॅकअप कोड (मोबाइलवर कोड मिळत नसेल तेव्हा लॉगिनसाठी वापरायचे राखीव कोड) कागदावर लिहून ठेवावेत; व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अजिबात टाकू नयेत. आणि हो, तो जुना पासवर्ड आणखी कुठे वापरला होता का?

झावळी: जीमेललाच होता. आत्ता बदलला.