सुट्टीतल्या प्रेमपटात शेवटची तारीख आधीच कळायला हवी का?

चौथी रांग
कोवळ्या वयातलं सुट्टीतलं प्रेम दाखवायचं तर सुट्टी कधी संपणार हे पहिल्या दहा मिनिटांत कळलंच पाहिजे, असं माझं ठाम मत. फ्रेंच दिग्दर्शक एरिक रोमेर यांच्या १९९६च्या 'कोंत देते'मध्ये गोष्ट फ्रान्समधल्या दिनारच्या किनाऱ्यावर घडते आणि पडद्यावर १७ जुलैपासून तारखांच्या पाट्या येत राहतात. प्रत्येक पाटीगणिक नायक गास्पारच्या हातातले दिवस कमी होतात, म्हणून त्याची टाळाटाळ बघताना जीव वरखाली होतो. पाट्या काढा, उरतो तीन मुलींमध्ये घुटमळणारा एक मुलगा.

माजघर
अजिबात पटलं नाही. गास्पार तर शिक्षण संपवून आलेला आहे. कोवळं वय हवं असेल तर रोमेर यांचाच १९८३चा 'पोलीन आ ला प्लाज' घ्या. तारखेची एकही पाटी नाही. गाडी बंगल्याच्या फाटकातून आत येते तिथे सुरुवात, बाहेर पडते तिथे शेवट.
आणि खरा प्रश्न सुट्टी कोणाची हा आहे. 'डर्टी डान्सिंग' (१९८७) बघा. १९६३चा उन्हाळा, अमेरिकेतल्या कॅट्सकिल्स डोंगरातलं रिसॉर्ट. बेबी नावाची मुलगी पाहुणी, जॉनी तिथला नोकरदार. जॉनीची नाचातली जोडीदार पेनी हिच्या गर्भपाताला लागणारे २५० डॉलर त्या दोघांकडे नाहीत, बेबी वडिलांकडे मागून आणते. त्या प्रेमातलं अंतर तिथे कळतं, कॅलेंडरवर नाही.

चौथी रांग
पण त्याचाही शेवट हंगामाच्या अखेरच्या कार्यक्रमातच होतो ना? म्हणजे तारीख आहेच, फक्त पाटी नाही.

कातळ
माजघर यांच्या बाजूने. मे महिन्यात मुंबईची मुलं कोकणात आजोळी येतात, तेव्हा गावातला मुलगा बागेत आंबा उतरवत असतो. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, काढताना देठ थोडा राखावा लागतो, नाहीतर चीक ओघळून सालीवर डाग पडतो. पेट्या भरून गाडी गेल्याशिवाय तो मोकळा होत नाही. भेटीची वेळ त्या गाडीवर ठरवा, पटकथा आपोआप घट्ट होते.
चित्रीकरणाचं मात्र नीट बघा. 'डर्टी डान्सिंग'चं शूटिंग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झालं. पानं रंग बदलू लागली, म्हणून त्यांच्यावर हिरवा रंग फवारावा लागला. तळ्यातल्या प्रसंगात जवळचे शॉट नाहीत, कारण थंडीने ओठ निळे पडले होते. कोकणात उलटी अडचण. पहिल्या पावसानंतर काही दिवसांतच कातळावर हिरवं फुटतं आणि आधीच्या पिवळ्या गवताशी शॉट जुळत नाही. त्यामुळे बाहेरचे सगळे प्रसंग २५ मेच्या आत उरका, घरातले मागे ठेवा. घामासाठी ग्लिसरीन आणि पाणी निम्मं-निम्मं करून फवारा. नुसतं पाणी दिव्यांखाली लगेच वाळतं आणि प्रत्येक टेकला घाम वेगळा दिसतो.

चौथी रांग
शूटिंगचं मान्य. पण गाडी रोजच जाते, कातळ. शेवटची पेटी कधी भरणार हे मुंबईहून आलेल्या मुलीला, म्हणजे आपल्यालाही, आधी कळायला हवंच.

कातळ
तिला नको. त्याला माहीत असू दे, आणि त्याने ते तिला सांगितलेलं नसू दे.