मदत हवी आहे : घरातला कमावता माणूस गेला, या कुटुंबाला उभं कसं करायचं? (पुणे)

नमस्कार. आमच्याकडे नऊ वर्षं पोळ्या-स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंचे यजमान श्रावणात गेले. गवंडीकाम करायचे, वय ४४. रात्री छातीत कळ आली, रिक्षा मिळून दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मूळचे लातूरकडचे, इथे वारज्याला भाड्याच्या खोलीत राहतात. मुलगी दहावीत, मुलगा सहावीत, दोघं महापालिकेच्या शाळेत. सासूबाई सोबत असतात.

ताईंची चार घरची कामं मिळून महिन्याला ११,००० होतात. खोलीचं भाडं ४,५००. गटाची (मायक्रोफायनान्स कंपन्यांची) तीन कर्जं आहेत, त्यांचे हप्ते मिळून ६,२०० जातात. म्हणजे भाडं आणि हप्ते दिले की उरतात ३००, आणि त्यात चार माणसांनी महिना काढायचा. पहिलं कर्ज गावी दिराच्या आजारपणासाठी काढलं, दुसरं पहिल्याचे हप्ते भरायला आणि तिसरं मुलीच्या क्लाससाठी. यजमान होते तेव्हा त्यांची हजेरी रोजची यायची, त्यामुळे गाडं चालत होतं.

सोसायटीत मी चिठ्ठी फिरवली. लोकांनी मनापासून दिलं, ३८,५०० रुपये जमले. दोन घरांनी गहू-तांदूळ दिले, एकांनी मुलाला सायकल दिली. पण आता पैसे माझ्याकडे आहेत आणि काय करावं ते सुचत नाही. कर्जात भरले तर एकाच दिवसात संपतील आणि कर्ज तरीही उरेल. मुदत ठेवीत टाकले तर पुढच्या महिन्यात त्या खाणार काय?

दुसरी काळजी मुलीची. हुशार आहे, गणितात विशेष. सासूबाईंच्या मनात आहे की दहावी झाली की गावाकडे नात्यातच लग्न उरकून टाकावं. पोरगी अजून पंधराची आहे. ताईंना ते पटत नाही, पण परवा भाकरी करताकरता म्हणाल्या, "वहिनी, एक तोंड कमी झालं तर दुसरं तरी शिकल." तेव्हापासून मला झोप नाही.

मला एकदाची मदत करून मोकळं व्हायचं नाहीये. दोन-तीन वर्षांत हे घर स्वतःच्या पायावर उभं राहावं असं वाटतं. पुण्यात अशा कुटुंबांसोबत टिकून काम करणाऱ्या संस्था कोणत्या? पैसे कुठे घालावेत? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

---

प्रतिसाद १

वाचून वाईट वाटलं. कर्ज आधी फेडून टाका, डोक्यावरचा भार जाईल. मी पण ५,००० देऊ शकते.

---

प्रतिसाद २

ताई, कृपया एक रुपयाही कर्जात भरू नका. मी बँकेतून निवृत्त झालो, ग्रामीण शाखेत बरीच वर्षं काढली, म्हणून हक्काने सांगतो. आधी ही दोन कामं करा.

त्यांच्या यजमानांचं पासबुक शोधा आणि अगदी ताजं भरून आणा. मे महिन्याच्या शेवटी किंवा जूनच्या सुरुवातीला ४३६ रुपये कापलेले दिसतात का ते बघा. दिसले तर ती प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना. मृत्यू कोणत्याही कारणाने झालेला असो, वारसाला २ लाख मिळतात. खातं उघडताना सही घेतलेली असते, घरच्यांना पत्ताच नसतो. माझ्या शाखेत एक बाई नवरा गेल्यावर दीड वर्षाने आली होती, खातं बंद करायला. मीच पासबुक उलटून पाहिलं म्हणून कळलं. फक्त २० रुपये कापलेले असतील तर तो अपघाताचा विमा, हृदयविकारात त्याचा उपयोग नाही.

दुसरं, गटाच्या तिन्ही कर्जांची कार्डं किंवा कागद मागून घ्या. कर्ज देतानाच विम्याचे पैसे कापून घेतलेले असतात आणि पुष्कळदा त्यात नवरा-बायको दोघांचा विमा असतो. तसं असेल तर नवरा गेल्यावर उरलेलं कर्ज विम्यातून फिटतं. वसुलीला येणारा माणूस हे आपणहून सांगेलच असं नाही. मृत्यूचा दाखला आणि अर्ज शाखेत द्या आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

---

प्रतिसाद ३

वरच्या काकांशी पूर्ण सहमत. मी वस्तीपातळीवर काम करते, म्हणून आणखी एक विचारते. त्यांच्या घरात पत्र्याची एक पेटी आहे का? किंवा सरकारकडून भांड्यांचा संच आला होता का?

हा प्रश्न विचित्र वाटेल. पण बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंद असलेल्यांना ती पेटी आणि भांडी मिळालेली आहेत. बायकांना 'नोंदणी होती का' विचारलं तर त्या नाही म्हणतात, 'पेटी मिळाली होती का' विचारलं की लगेच आठवतं. नोंद चालू असताना कामगाराचा नैसर्गिक मृत्यू झाला तर वारसाला २ लाख, कामावर असताना झाला तर ५ लाख आणि विधवेला पाच वर्षं दरवर्षी २४,००० अशी तरतूद आहे. नूतनीकरण झालेलं होतं का हे फार महत्त्वाचं. ते दरवर्षी करावं लागतं आणि मागच्या वर्षातल्या ९० दिवसांच्या कामाचा दाखला लागतो. तिथेच बहुतेकांचं अडतं, कारण ठेकेदार सही द्यायला टाळाटाळ करतात.

मुलांसाठी बालसंगोपन योजनेचा अर्ज लगेच करा. आई किंवा वडील गेलेल्या मुलांना घरीच राहून शिकता यावं म्हणून ही योजना आहे. २०२३ पासून दरमहा प्रत्येक मुलामागे २,२५० रुपये आहेत. दोन मुलांचे ४,५००, म्हणजे त्यांचं खोलीभाडंच निघालं. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात अर्ज द्यायचा, मग बालकल्याण समितीसमोर मुलांना घेऊन जायचं. वडिलांचा मृत्यूचा दाखला, आधार, शाळेचा बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक आणि घरासमोर उभं राहून काढलेला फोटो, एवढं तयार ठेवा. पैसे यायला वेळ लागतो, कधी कधी काही महिन्यांचे एकदम येतात. त्यावर महिन्याचा हिशेब बांधू नका, पण अर्ज आजच करा.

संजय गांधी निराधार योजनेतून विधवांना महिना १,५०० मिळतात, पण त्याची उत्पन्नाची अट कडक आहे. आणि ताईंना लाडकी बहीणचे पैसे येत असतील तर दोन्ही एकदम मिळत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी २०,००० आहेत, त्याला दारिद्र्यरेषेखालची नोंद लागते. तहसील कार्यालयात दोन्हींची चौकशी एकाच फेरीत होईल.

आता तुमच्या ३८,५०० बद्दल. या प्रत्येक कामाला एक दिवस जातो. दाखला, सेतू केंद्र, बँक, समिती. एका दिवसाचा खाडा म्हणजे चार घरचे पैसे कापले जातात, आणि चार खाडे झाले की एखादं घर सुटतं. माझ्या अनुभवात गरिबांच्या योजना याच कारणाने बुडतात. त्यांना रांगेत उभं राहायला दिवसच परवडत नाही. म्हणून त्या पैशातून आधी खाडे भरून द्या. आणि बाकीच्या तीन घरांशी तुम्ही स्वतः बोला, की दोन महिने पगार कापू नका. तुमच्या शब्दाला वजन आहे, त्यांच्या शब्दाला नाही.

---

प्रतिसाद ४

संस्थांबद्दल विचारलंत म्हणून लिहितो, थोडं मागून सुरू करतो.

माझी आई लालबागला खानावळ चालवायची. गिरणीतले गावाकडून आलेले एकटे पुरुष महिनाभर जेवायचे आणि पगाराला पैसे द्यायचे. तोवर वाण्याचा माल उधारीवर. ती उधारी चुकवायला आईचं मंगळसूत्र दर दोन महिन्यांनी सावकाराकडे जायचं. दिवसाला वीस डबे करणारी बाई, आणि घरात आम्हालाच कधी कधी नुसता भात-मीठ. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली दादरला अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं तेव्हा अशा १४ खानावळवाल्या बायका एकत्र करून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं होतं. आईला पुढे मंडळातून कर्ज मिळालं. मंगळसूत्र सोडवून आणलं तो दिवस मला आठवतो, आईने शिरा केला होता.

प्रेमाताईंची मुलगी मेधा पुरव सामंत यांनी पुढे पुण्यात तेच काम उभं केलं, ते आजचं अन्नपूर्णा परिवार. कर्जाच्या जोडीला त्यांच्याकडे सभासदांचा आरोग्य निधी आहे, वस्त्यांमध्ये पाळणाघरं आहेत, आणि एकट्या आईच्या मुलांच्या शिक्षणासाठी विद्यापूर्णा हा उपक्रम आहे. तुमच्या ताईंच्या मुलांसाठी तिथे चौकशी करा. नवीन कर्ज मात्र आत्ता कुठूनही नको, चांगल्या संस्थेचंही नको. माझ्या आईने कर्ज घेतलं ते धंद्यात घातलं आणि त्यातून फेडलं. हप्ते भरायला घेतलेल्या कर्जाचं तसं होत नाही.

मुलीबद्दल. तिला बारावीनंतर पुढे शिकायचं झालं तर पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती आहे. १९५५ पासून गावाकडच्या गरीब मुलामुलींची राहण्या-जेवणाची सोय अगदी थोडक्या पैशांत करते, मुलं स्वतः काम करून शिकतात. आत्ता उपयोग नाही, पण सासूबाईंना दाखवायला नेऊन आणा. आपल्यासारख्याच घरातल्या मुली तिथे शिकताना पाहिल्या की म्हातारं माणूसही विचार बदलतं. माझी आजी बदलली होती.

---

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस धावपळीत गेले, म्हणून उत्तराला उशीर.

पासबुक भरून आणलं. ४३६ ची नोंद नाही. फक्त २० रुपये कापलेत. ताई तिथेच बाकावर बसून राहिल्या, मला काय बोलावं कळेना.

घरी आल्यावर पेटीचं विचारलं. पेटी आहे! मुलगा त्यात वह्या-पुस्तकं ठेवतो. आत तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत नोंदणीचं कार्डही सापडलं, आणि नूतनीकरणाची पावती. मुदत पुढच्या फेब्रुवारीपर्यंत आहे. म्हणजे ते गेले तेव्हा नोंद चालू होती. यजमानांनी हे सगळं एकट्याने, एक दिवसाची हजेरी बुडवून केलं असणार, घरात कुणाला सांगितलंही नव्हतं. ताई ते कार्ड हातात घेऊन कितीतरी वेळ रडल्या.

कर्जाची दोन कार्डं मिळाली. एकावर विम्याची रक्कम कापलेली स्पष्ट दिसते. दुसऱ्यावर काही कळत नाही. तिसऱ्याचं कार्ड वसुलीवाल्याने स्वतःकडेच ठेवलंय. शिवाय रात्री आठ-साडेआठला तो माणूस दाराशी येऊन बसतो, सेंटरच्या, म्हणजे कर्जगटातल्या, बायकांनाही घेऊन येतो. त्या बायकांचीही चूक नाही, एकीने भरलं नाही की बाकीच्यांना उठू देत नाहीत. याला काय करता येईल?

---

प्रतिसाद २ (पुन्हा)

पेटीचं वाचून फार बरं वाटलं.

वसुलीबद्दल : रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार अशा कर्जांच्या वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही, शिवीगाळ-धमकी चालत नाही. कर्ज देताना घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त हप्ते होऊ नयेत असंही बंधन आहे. यजमान असताना ते बसत असेल, आज ११,००० वर ६,२०० म्हणजे निम्म्याच्या वर गेलं. कंपनीच्या शाखेत लेखी तक्रार द्या, त्यातच कार्डाची प्रत आणि विम्याची माहिती मागा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, माहितीसाठी १४४४८ वर फोन करा. अर्ज मराठीत लिहा, मी मसुदा करून देतो, निरोप पाठवा.

दमदाटी सुरूच राहिली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता वकील मोफत मिळतो. १५१०० हा त्यांचा नंबर.

---

प्रतिसाद ३ (पुन्हा)

बांधकाम कामगार मंडळाचा अर्ज भरताना एजंट २०-३० टक्के मागतील, देऊ नका. अर्ज ऑनलाइन होतो, मूळ कागद तपासायला ताईंना स्वतः जावं लागेल. मृत्यूच्या दाखल्यावरचं नाव, आधारवरचं आणि नोंदणी कार्डावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते आजच बघा. माझ्याकडच्या दोन बायकांचे अर्ज फक्त वडिलांच्या नावातल्या एका वेलांटीसाठी महिनोन् महिने पडून होते.

आणि मुलीच्या लग्नाचा विषय सासूबाईंशी भांडून सोडवू नका. अठराच्या आत लग्न हा गुन्हा आहे हे त्यांना माहीत असतं, त्यांची भीती वेगळी असते. बाप नसलेली वयात येणारी पोर, आई दिवसभर बाहेर, आजूबाजूची वस्ती. ती भीती खरी आहे. शाळेनंतर चार ते सात मुलगी कुठे असेल याची सोय करा, अर्धा प्रश्न तिथेच सुटेल. एवढं करूनही कुणी तारीख काढलीच तर मात्र १०९८ ला (चाइल्डलाइन) फोन करायला एक क्षण थांबू नका.

---

धागाकर्ती

नावं तपासली. दाखल्यावर आडनाव चुकलंय, 'ळ' च्या जागी 'ल'. दुरुस्तीचा अर्ज सोमवारी देतोय.

बाकीच्या तिन्ही घरी बोलले. दोन घरांनी लगेच हो म्हटलं. तिसऱ्यांनी नाही म्हटलं, त्यांच्याकडचे खाडे मी जमलेल्या पैशांतून भरतेय. कर्जात काही भरलेलं नाही. दोन महिन्यांचं भाडं त्यातून दिलं. बाकीचे ताईंच्याच नावावर ठेवले, हिशेबाची वही मुलगी लिहिते.

चार ते सातची सोय : ती आता आमच्याकडे येऊन अभ्यासाला बसते, ताई सात वाजता काम संपवून तिला घेऊन जातात. सासूबाई पहिल्या दिवशी स्वतः आल्या, जागा पाहिली, चहा घेतला, फार बोलल्या नाहीत. जाताना मुलीला म्हणाल्या, "दिवा लावायच्या आत घरी ये."

बालकल्याण समितीसमोर पुढच्या गुरुवारी जायचं आहे. त्या दिवशी मला सुट्टी मिळत नाहीये. ताई एकट्या जायला घाबरताहेत, दोन्ही मुलं सोबत असतील. वारजे-कर्वेनगर भागातून कुणी त्यांच्याबरोबर सकाळी दहा ते दुपारपर्यंत येऊ शकेल का? फक्त सोबत बसायचं आहे आणि विचारलेलं समजावून सांगायचं आहे. कृपया व्यक्तिगत निरोप करा.

---

प्रतिसाद १ (पुन्हा)

मी येते. कर्वेनगरलाच राहते, गुरुवारी मोकळी आहे. निरोप केलाय.