मदत हवी आहे: अंजनीचं रोप कसं वाढवायचं?

नमस्कार मंडळी. अंगणात अंजनी लावायची आहे. माथेरान-महाबळेश्वरच्या जंगलात उन्हाळ्याच्या तोंडावर निळ्या-जांभळ्या फुलांनी अक्षरशः फांद्या लिंपून घेणारं हे सदाहरित झुडूप. फूल नुसतं पानाआडून नाही, थेट जुन्या फांदीवरही फुटतं, हीच त्याची खरी शोभा. शिवाय पिकून काळी झालेली फळं पक्षी खातात, लाकूड टणक, आणि पानांपासून पिवळा रंग निघतो. एवढं सगळं असून बागांमध्ये मात्र परदेशी झुडपांचीच गर्दी! असो.

वाढ फार सावकाश होते हे ठाऊक आहे, घाई नाही. पण बी ताजंच पेरावं की गर काढून सुकवून? छाट कलम (कापलेली फांदी मातीत रोवून) लागतं का, की गुटी (झाडावरच्याच फांदीला मुळं फोडून) बरी? आमच्याकडे दुपारनंतर कडक ऊन येतं. लहान रोपाला सावली द्यावी लागेल असं वाटतं, पण किती वर्षं? कुंपणासाठी छाटत राहिलं तर जुन्या फांद्याच जातील आणि फुलं येणार नाहीत, ही भीती आहे. जंगलातून रोप उपटून आणायचा सल्ला कृपया नको.

पानांचा रंग सुतावर कुणी चढवला असेल तर रंग पक्का व्हायला तुरटी लागते का, तेही सांगा.