माणसं कमी म्हणून बांधून ठेवता येत नाही
‘वृद्धाश्रमात स्मृतिभ्रंश झालेले पेशंट रात्री भटकतात, आया एकच, मग बांधण्यावाचून इलाज काय’ असं काही जण म्हणतात. आयाची ओढाताण खरी, पण हे अजिबात पटत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृतीतला गंभीर बिघाडही येतो. त्याचं कलम ९७ स्पष्ट सांगतं, मानसिक आजाराच्या रुग्णांना ठेवून सांभाळणाऱ्या संस्थेला केवळ कर्मचारी अपुरे आहेत म्हणून कुणाला बांधता येणार नाही. बांधलंच तर मानसोपचारतज्ज्ञाची परवानगी, लेखी नोंद आणि रुग्णाने नेमलेल्या प्रतिनिधीला २४ तासांत कळवणं, हे सगळं आलं. कलम २० मध्ये स्वच्छ संडास-बाथरूम, खासगीपणा, स्वतःचे कपडे हेही आहे. सक्तीने केस भादरायलाही मनाई आहे.

पनवेलजवळच्या एका अनुदानित वृद्धाश्रमात माझ्या आत्याच्या मनगटांवर ओढणीचे वळ दिसले. नोंदवही मागितली, नव्हतीच. मग दोन्ही कलमं लिहून अर्ज दिला. त्यानंतर तिची गादी जमिनीवर घातली आणि संडासाच्या वाटेवर रात्रभर दिवा ठेवला. बिचारी उठायची ती बहुतेकदा लघवीलाच! अर्जाची पोच मात्र घ्याच. तोंडी सांगितलेलं रात्रपाळीपर्यंत पोचतच नाही.